लिंबाच्या डाव्या खांद्यावर

निफाड तालुक्यातील एका छोट्या जिल्हा परिषद शाळेत मी पहिली आणि दुसरीचा एकत्रित वर्ग शिकवते. आमच्या वर्गाच्या भिंतीवर पक्ष्यांचा एक मोठा रंगीत तक्ता कित्येक वर्षे लावलेला होता आणि त्यावरील चोवीस नावे मुले दिवाळीपर्यंत न अडखळता म्हणून दाखवत असत, याचे मला समाधानही वाटत असे. एके दिवशी खिडकीच्या गजावर एक साळुंकी येऊन बसली, तेव्हा मी पहिलीतील एका मुलीला सहज विचारले की हा कोणता पक्षी आहे. ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "बाई, हा पक्षी नाही, हे पाखरू आहे." मी तिला फरक विचारला, तर तिने तक्त्याकडे हात केला. पक्षी तिथे होते: शहामृग, पेंग्विन, गुलाबी रोहित (फ्लेमिंगो), पिसारा फुलवलेला मोर. बाहेर जी होती ती पाखरे होती, आणि त्यांचा शाळेशी काही संबंध असतो असे तिला कोणी सांगितलेले नव्हते. ते सांगणे माझे काम होते.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तक्ता उतरवून ठेवला आणि जूनपासून मुलांना पक्षी बाहेरच दाखवायचे असे ठरवले. पहिली-दुसरीला परिसर अभ्यास हा स्वतंत्र विषय नसतो, तो तिसरीपासून सुरू होतो. त्यामुळे हा वेळ भाषा आणि गणिताच्या तासांतूनच काढावा लागणार होता, आणि वाचन-लेखनात मुले मागे पडू नयेत ही मुख्याध्यापकांची काळजी रास्त होती. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी आठवड्यातून तीन दिवस, परिपाठानंतरची वीस मिनिटे मागितली आणि मुले जे पाहतील तेच मोजतील, तेच लिहितील, असा शब्द दिला. आमच्या भागात लहान मुलांना घेऊन शिवारात निघायचे तर इतरही विचार करावा लागतो. गोदाकाठच्या उसात बिबट्याचा वावर असतो, म्हणून उसाच्या कडेने जायचे नाही आणि शाळेच्या वेळेआधी कोणी पक्षी पाहायला निघायचे नाही, असे ठरले. द्राक्षबागेत फवारणी चालू असेल त्या दिवशी त्या बाजूचा रस्ता बंद ठेवायचा आणि पावसाळ्यात उंच गवतात पाय टाकायचा नाही, हेही ठरले. आळीपाळीने दोन मुलांच्या आया सोबत येऊ लागल्या, आणि पुढे त्यांच्यामुळेच ही गोष्ट गावाच्या बोलण्यात आली.

पहिला आठवडा आम्ही आवाराबाहेर गेलोच नाही. आवारात कडुनिंबाचे मोठे झाड आहे. गावात त्याला सगळे लिंबच म्हणतात. त्याच्याखाली गोल करून बसायचे, डोळे मिटायचे आणि नवा आवाज कानावर आला की हाताचे एक बोट उघडायचे, एवढेच मी सांगितले. सहा-सात वर्षांची मुले किती वेळ शांत बसतील याचा माझा अंदाज पूर्ण चुकला. मी दहा मिनिटे धरली होती. पहिल्या दिवशी जेमतेम दीड मिनिट झाले आणि कुणीतरी कुणाला चिमटा काढला. मग मी घड्याळ पाहणे सोडले आणि पाच बोटे उघडली की डोळे उघडायचे असा नेम केला. मुलांची घाई संपली नाही, पण ती आता ऐकण्याची घाई झाली. दिवस पेरणीचे होते आणि ओढ्याच्या बाजूने पावशा ओरडत होता, "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा". प्रत्येक घरात बी-बियाण्याची धावपळ चालू असल्याने ही हाक मुलांना घरातलीच वाटली, आणि एका मुलाने तर तो आपल्या आजोबांनाच सांगतो आहे असे ठामपणे सांगितले. पावशा दिसला मात्र नाही. संपूर्ण वर्षात तो आम्हाला एकदाच, शिक्रा या शिकारी पक्ष्यासारखा सरळ उडत जाताना दिसला. डोळ्यांना न दिसणारा पक्षीही आपल्या ओळखीचा असू शकतो, ही गोष्ट मुलांनी फार सहज स्वीकारली. मोठ्या माणसांना ती पटवावी लागते.

दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडून जी चूक झाली ती मला येथे सविस्तर लिहिली पाहिजे. शाळेमागे एक पडीक माळ आहे. पाऊस लांबला होता आणि माळ तापलेला होता. तिथे चालताना एका मुलाला जमिनीवरच्या उथळ खळग्यात, खड्यांच्या मधोमध, टिटवीची चार अंडी दिसली. मातकट रंगावर काळपट डाग, आणि चारही अंड्यांची निमुळती टोके आत वळवलेली. दोन पावलांवरूनही ती खडे वाटावीत अशी होती. मला वाटले, शिकवण्यासाठी याहून चांगली संधी ती कोणती. मी एकोणीस मुलांना खळग्याभोवती उभे केले आणि रंग परिसरात कसा मिसळतो ते समजावून सांगत राहिले. डोक्यावर दोन्ही टिटव्या जीव तोडून ओरडत होत्या. एक आमच्या अंगावर झेप घेऊन वळत होती आणि दुसरी थोड्या अंतरावर पंख पसरून, जखमी असल्यासारखी लंगडत, आम्हाला दुसरीकडे नेऊ पाहत होती. तेही मी मुलांना कौतुकाने दाखवले. अशा उन्हात टिटवी अंड्यांवर सावली धरून उभी राहते, पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते आणि अंडी थंड ठेवते, हे मी वाचलेले होते. तरीही आम्ही पंधरा मिनिटे तिला तिच्या अंड्यांपासून दूर ठेवले आहे, हे माझ्या मनात आले नाही.

दुसऱ्या दिवशी खळग्यात काहीच नव्हते. मऊ मातीत आमच्या पावलांच्या ठशांची वाट मात्र सरळ तिथवर गेलेली होती. अंडी कुत्र्याने नेली की कावळ्याने, हे मला मुलांना सांगता आले नाही, पण वाट कुणी दाखवली ते मी सांगितले. शिक्षकाने मुलांसमोर आपली चूक अशी उघड मान्य करावी का, यावर माझ्या एका सहकारी बाईंचे मत वेगळे होते. मला त्या वेळी दुसरे काही सुचले नाही. त्या दिवशी मुलांनी एक नियम स्वतःच सांगितला आणि तो वर्षभर पाळला गेला: पक्षी आपल्याकडे पाहून ओरडायला लागला की आपण मागे फिरायचे. जमिनीवरची किंवा झुडपातली घरटी दाखवणे मी पूर्णपणे बंद केले.

दुर्बिणीचा अनुभवही सांगण्याजोगा आहे. एका पालकांनी मोठ्या आपुलकीने दोन दुर्बिणी मिळवून दिल्या. परंतु या वयात मुलांच्या दोन डोळ्यांतील अंतर इतके कमी असते की मोठ्यांच्या दुर्बिणीच्या दोन्ही नळ्या एकदम डोळ्यांसमोर येत नाहीत. त्यांना एक तर काळोख दिसतो किंवा स्वतःच्या पापण्या. शिवाय पाळी येईपर्यंत पक्षी उडून जातो आणि त्याचे खापर शेजारच्या मुलावर फुटते. महिनाभरात दुर्बिणी माझ्याच गळ्यात राहू लागल्या. खरी अडचण वेगळीच होती. एका मुलाला पक्षी दिसला की तो हात लांब करून बोट दाखवत असे. हात हलला की पक्षी उडे, आणि बोटाच्या रेषेत नेमके काय आहे ते दुसऱ्याला कळत नसे. मोठी माणसे अशा वेळी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दिशा सांगतात, पण पहिलीच्या मुलांना घड्याळ येत नाही. म्हणून आम्ही झाडालाच अंग दिले. शेंड्याला डोके म्हटले, वरच्या दोन मोठ्या फांद्यांना खांदे, जिथून फांद्या फुटतात त्या बेचक्याला कंबर, आणि बुंध्याला पाय. "बाई, लिंबाच्या डाव्या खांद्यावर, कोपराच्या जवळ" असे कुणी कुजबुजले की सगळ्यांची नजर एकाच जागी जाई. यातून मुलांना डावे-उजवे इतके पक्के झाले की त्यासाठी मला वेगळा तास घ्यावा लागला नाही.

नावे मी मुद्दाम सर्वांत शेवटी ठेवली. घरातून जी नावे मुले घेऊन आली होती, जसे चिमणी, होला, टिटवी, घार, बगळा, ती अर्थातच चालत होती, पण अनोळखी पक्षी दिसला की आधी तो काय करतो आहे ते सांगायचे, असा आमचा रिवाज पडला. चालतो की उड्या मारतो, हा मुलांचा सर्वांत आवडता प्रश्न होता. चिमणी दोन्ही पाय जोडून टुणटुण उड्या मारते, साळुंकी एकामागून एक पाय टाकत ऐटीत चालते, कावळा मनात येईल तसे दोन्ही करतो. आणि हे ठरवण्यासाठी सगळा वर्ग पटांगणात तसेच चालून पाहत असे. तारेवर बसणाऱ्या दोन पक्ष्यांतील फरकही त्यांनी असाच ओळखला. वेडा राघू झेप घेऊन परत त्याच जागी येतो आणि पकडलेली माशी तारेवर आपटून आपटून गिळतो. कोतवाल खाली गुरांजवळ उतरतो आणि घार दिसली की तिच्या मागे लागतो. कोतवालाची शेपटी माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली असते हे त्यांच्या लक्षात नंतर आले. तक्त्यावर आम्ही शेपटीपासूनच सुरुवात केली असती.

सप्टेंबर संपता संपता ओढ्याच्या काठी शेपटी सतत खालीवर करणारा एक सडपातळ पक्षी दिसू लागला. मुलांनी त्याला "शेपटीहलव्या" म्हटले आणि आठवडाभर तेच नाव चालले. मग मी सांगितले की याला आपल्याकडे धोबी किंवा परीट म्हणतात, आणि का म्हणत असतील याचा विचार करायला लावला. एका मुलीने लगेच हात वर केला. तिची आई कालव्यावर धुणे धुते आणि धोपटणे असेच वर-खाली जाते. हे नाव ज्यांनी प्रथम ठेवले त्यांनी पाण्याकाठी बसून त्या पक्ष्याकडे असेच पाहिले असणार. तक्त्यावरून पाठ केलेल्या नावात ही जोड मिळत नाही, म्हणून नाव शेवटी सांगावे असे माझे मत झाले आहे.

वर्षातील सर्वांत भरलेले दिवस मात्र त्याआधीचे, सुगरणीच्या खोप्यांचे होते. गावाबाहेरच्या एका जुन्या विहिरीवर बाभळीच्या फांद्या झुकलेल्या आहेत आणि जुलैपासून तिथे खोप्यांची वसाहत होते. विहिरीला कठडा असला तरी मी मुलांना तीस पावलांवरच्या बांधावर बसवत असे आणि आया कठड्याच्या बाजूला उभ्या राहत. घरटी उंच आणि पाण्यावर असल्याने आमच्या बसण्याचा पक्ष्यांना त्रास होत नव्हता, हे मी आधी चार दिवस एकटीने जाऊन पाहिले होते. पहिल्याच दिवशी मुलांनी विचारले की घरटे बांधणारी सगळी पाखरे पिवळ्या डोक्याची का आहेत. ते नर होते. सुगरण हे नाव स्त्रीलिंगी असल्याने आणि घर सांभाळणाऱ्या बाईलाच आपण सुगरण म्हणत असल्याने मराठी माणसाला हे विणकाम मादीचे वाटते. प्रत्यक्षात ते नराचे असते. तो शेजारच्या उसाच्या पानाची कड चोचीत धरतो, उडतो, आणि लांबच लांब धागा सोलून निघतो. मुले तो धागा कुठवर लोंबतो ते पाहून टाळ्या वाजवणार, तेवढ्यात त्यांना आपला नियम आठवत असे आणि टाळ्या हातातच थांबत.

खोपा अर्धा झाला, टोपीसारखा दिसू लागला, की नर त्याला लटकून पंख फडफडवत ओरडतो आणि माद्या पाहणीला येतात. एखादी आत शिरते, एक-दोन काड्या ओढून पाहते आणि निघून जाते. पसंत पडला तर नर खालची नळी विणून तो पूर्ण करतो, नाही तर तो अर्धाच लोंबत राहतो. आमच्या मुलांनी एका नराचे तीन अर्धवट खोपे मोजले. एकाने फार कळवळून विचारले की त्याचे एकही घर कुणाला का आवडत नाही, आणि त्याच्याबरोबर दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग त्या एका नरासाठी बसून राहिला. चौथ्या खोप्यात मादी राहिली त्या दिवशीचा आनंद मी विसरणार नाही. शाळेत परतल्यावर मुलांनी गवताच्या पात्यांनी विणून पाहिले. दोन हात आणि दहा बोटे असूनही कुणालाच चार ओळींपलीकडे जाता आले नाही. ऑगस्टमधल्या एका वादळी रात्रीनंतर विहिरीजवळ पडलेला रिकामा खोपा आम्हाला मिळाला. त्यात आत ओल्या मातीचे वाळलेले गोळे होते. सुगरण त्या मातीत काजवे चिकटवून दिवा लावते ही आमच्याकडची जुनी समजूत एका आईने सांगितली. वाऱ्यात खोपा फार हेलकावू नये म्हणून ते वजन असावे, असे अभ्यासक मानतात. मी दोन्ही गोष्टी मुलांपुढे ठेवल्या. खोपे बहुतेक झाडाच्या पूर्वेकडच्या अंगाला का आहेत, हे मात्र मुलांनीच शोधले, कारण पावसाचे सपकारे रोज पश्चिमेकडून येत होते आणि ते सपकारे त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेतले होते.

सर्वांना हे पसंत होते असे नाही. पालक सभेत एक वयस्कर द्राक्षबागायतदार उठून म्हणाले, "बाई, आमचा माल पाखरं खात्यात, आम्ही रात्रंदिवस राखण करतो, आणि तुम्ही पोरांना त्यांचाच लळा लावता." त्यांचे म्हणणे मला खोडून काढता येण्यासारखे नव्हते. मणी गोड होऊ लागले की साळुंक्या, बुलबुल, पोपट बागांवर उतरतात, जाळ्या अंथराव्या लागतात, चमकत्या पट्ट्या बांधाव्या लागतात आणि एक टोचलेला मणी सगळा घड खराब करतो, हे माझ्याही माहेरी मी पाहिलेले आहे. मी त्यांना एवढेच विचारले की नांगरट चालू असेल तेव्हा मुलांना तुमच्या बांधावर बसू द्याल का. त्यांनी बसू दिले. ट्रॅक्टरमागे उतरलेले गायबगळे, साळुंक्या आणि कोतवाल काय उचलतात ते मुलांनी दोन दिवस पाहिले: अळ्या, हुमणी, नाकतोडे. बागेत मणी खाणारी साळुंकी आणि नांगरामागे हुमणी वेचणारी साळुंकी एकच आहे, हे मुलांनी आजोबांना सांगितले. आजोबा यावर काही बोलले नाहीत आणि जाळीही त्यांनी दर वर्षीप्रमाणे लावली. मला ते योग्यच वाटते. मुलांना पक्ष्याची एकच बाजू सांगून शिकवू नये.

ऑक्टोबरात गोडी छाटणीसाठी, म्हणजे फळ धरण्यासाठी करतात त्या द्राक्षवेलींच्या छाटणीसाठी, पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबे आमच्या गावात येतात आणि द्राक्षे उतरेपर्यंत राहतात. त्यांच्यातली एक मुलगी पहिलीत बसू लागली. वर्गात ती एक शब्दही बोलत नसे. एका सकाळी चिंचेच्या झाडात बुलबुल आणि चिमण्या एकाच जागी कलकलाट करत होत्या; आम्ही तो नेहमीचा गोंगाट समजून पुढे निघालो, तर ती थांबली आणि म्हणाली, "तिथं काही बसलंय." झाडाच्या कमरेजवळच्या ढोलीत पिंगळा होता, गोल डोळे आमच्यावर रोखून मान वर-खाली करत. लहान पक्ष्यांची ओरड ही बातमी असते, हे तिला माहीत होते आणि मला ते शिकवायचे सुचले नव्हते. तिच्या घरच्या बोलीत अनेक पक्ष्यांची वेगळी नावे होती. पाहिलेल्या पक्ष्यांच्या आमच्या भिंतीवरच्या नोंदीत त्या नावांसाठी मी आणखी एक रकाना आखला, आणि त्या रकान्याच्या निमित्ताने ती बोलू लागली. चौथीतल्या एका मुलाचेही असेच. त्याच्या खिशात कायम गलोल असे आणि त्यामुळेच कोणता पक्षी कुठे, कधी बसतो हे गावात त्याच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते. मी गलोल काढून घेतली नाही. शनिवारी लहान मुलांच्या पुढे चालण्याचे काम त्याला दिले. गलोल आजही त्याच्याकडे आहे. तिने आपण आता फक्त चिंचा पाडतो असे तो सांगतो आणि मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवते.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. त्या वर्षी हे दिवस दिवाळीच्या सुट्टीत आले. मुलांनी घराच्या ओट्यावरून पाहून नोंदी आणाव्यात असे मी सांगितले होते, आणि सुट्टीनंतर वह्या उघडल्यावर मला प्रथमच खात्री वाटली की ही सवय माझ्यावर अवलंबून राहिलेली नाही. एका वहीत मामाच्या गावचा, मालेगाव तालुक्यातला, माळावरचा चंडोल होता: "उडत उडत वर गेला आणि गाणं थांबवलं नाही." त्या ओळीखाली काढलेले चित्र ओळखू येत नव्हते, पण त्या वाक्यावरून पक्षी ओळखता येत होता.

जानेवारीत आम्ही नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यात गेलो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर ब्रिटिश काळात बांधलेल्या बंधाऱ्यामुळे तिथे पाणी पसरले, गाळ साचून बेटे आणि दलदल तयार झाली आणि हिवाळी पाहुण्यांसाठी ती जागा सोयीची ठरली. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जाहीर झालेले ते महाराष्ट्रातील पहिले ठिकाण. निफाडची थंडी प्रसिद्ध आहे आणि त्या सकाळी चापडगावच्या मनोऱ्यावर धुक्याशिवाय काहीच दिसत नव्हते. धुके विरल्यावर पाण्यावर शेकडो काळे पक्षी दिसले, कपाळावर पांढरा टिळा असलेले. मार्गदर्शकाने नाव सांगितले, वारकरी. पौष महिना होता, त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेला निघालेल्या दिंड्या मुलांनी त्याच आठवड्यात रस्त्यावर पाहिल्या होत्या, काहींचे आजी-आजोबा दिंडीत होते. त्यामुळे हे नाव दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. चोचीवर पिवळे टोक आणि लाल ठिपका असलेले हळदी-कुंकू बदक, तलवारीसारख्या शेपटीचे तलवार बदक, चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालणारा चमचा, हे सगळे मोठ्या दुर्बिणीतून दिसले. परंतु एकोणीस मुलांत प्रत्येकाला वीस सेकंदांची पाळी आली आणि बाकीची मुले थंडीत कंटाळत राहिली. त्यांना खरा आनंद दिला तो अगदी काठाजवळच्या शेकाट्यांनी, ज्यांचे लांब लाल पाय दुर्बिणीशिवाय दिसत होते, आणि पलीकडून भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत आल्याबरोबर पाण्यावर धावत सुटलेल्या वारकऱ्यांच्या थव्याने. रोहित दिसला नाही. तक्त्यातला तो गुलाबी पक्षी इथे कधीकधी येतो हे एका मुलाने घरी ऐकले होते आणि तो परतीच्या गाडीत रडला. सहल वर्षाच्या सुरुवातीला नेली असती तर सगळीच मुले रोहित शोधत राहिली असती असे मला वाटते. लहान मुलांना पाणथळ जागी न्यायचेच तर आधी सहा महिने आवारातल्या लिंबाखाली बसवून मग न्यावे.

फेब्रुवारीत ऊन तापू लागल्यावर आम्ही लिंबाखाली मातीचे पसरट परळ ठेवले, दोन बोटे पाणी आणि मध्ये एक चपटा दगड, आणि रोज घासून पाणी बदलण्याच्या पाळ्या लावल्या. त्याबद्दल वेगळे लिहिण्यासारखे फारसे नाही. चिमण्या आल्या, बुलबुल आले, एका दुपारी चिरकाची जोडी आली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सहा मुले परिपाठाला उशिरा आली. पडीक माळातून शाळेला येणारी पायवाट सोडून ती रस्त्याने वळसा घालून आली होती. कारण विचारल्यावर त्यांनी सांगितले की माळावर टिटवी ओरडायला लागली, म्हणून ती मागे फिरली. मी मधल्या सुट्टीत शाळेच्या गच्चीवर जाऊन दुर्बीण लावली. बऱ्याच वेळाने टिटवी उठली, तेव्हा चार अंडी दिसली. मुलांना मी फक्त आकडा सांगितला. खळग्याभोवती काटेरी फांद्या टाकून कुंपण करावे असा दोघांचा आग्रह होता; नवी वस्तू दिसली की कुत्री आणि कावळे तिकडे वळतील हे त्यांना पटायला दोन दिवस लागले, आणि त्यांच्यातल्या एकाला अजूनही ते पुरते पटलेले नाही. पुढचे जवळजवळ चार आठवडे पायवाट बंद राहिली. गावातल्या मोठ्या माणसांनाही मुले रस्त्याने जायला सांगत होती आणि माणसे जात होती.

गुढीपाडव्याच्या सुट्टीनंतर गच्चीवरून पाहिले तर खळगा रिकामा होता. मुलांचे चेहरे उतरले. टिटवीची पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर घरट्यात थांबत नाहीत, लगेच चालू लागतात, आणि धोका वाटला की जमिनीला चिकटून निपचित पडतात, त्यामुळे रिकाम्या खळग्यावरून काहीच ठरवता येत नाही, हे मी त्यांना सांगितले. आम्ही तीन दिवस आवाराच्या भिंतीपाशी उभे राहून पाहत होतो. तिसऱ्या दिवशी टिटवीच्या मागे कापसाच्या बोंडाएवढे काहीतरी धावताना दिसले, मग आणखी एक. ज्या मुलीने मला पक्षी आणि पाखरू यांतला फरक सांगितला होता ती आता दुसरीत होती. त्या दिवशी भिंतीवरच्या नोंदीत लिहिण्याची पाळी तिची होती. तिने तारीख घातली आणि लिहिले, "टिटवीची २ पिल्ले दिसली. २ दिसली नाहीत."